पोत्याचं तोंड उघडायचं नाही

...नाही, शेळी आत नको, त्या आंब्यालाच बांधा, आणि तुम्ही या, इथं बसा – असं समोर. लाजू नका जावईबापू. सासूनं जावयाचं तोंड बघू नये, वाटेत दिसला तर झुडपात शिरावं, हे मला कुणी शिकवायला नको, माझ्या आईनं जन्मभर पाळलं. मीही पाळलं. लग्न झाल्यापासून तुमच्या पावलांकडे बघून बोलत आले – म्हणून तर तोंडावर काय आहे ते कळलं नाही. आज बघणार. मुंबुआ? माझी लेक नाही इथं. मावशीकडे गेलीय, वोते गावाला. कधी येईल ते मला नाही सांगितलं. हे पोतं धरा आधी, आलाच आहात तर हाताला काम असू दे. आणि फाटकाकडे सारखं बघू नका, तो माझा भाऊ आहे, किलोंझो, कोयत्याला धार लावतोय. रोजच लावतो. आज जरा जास्त वेळ लावतोय एवढंच.

हां, आता दाबा. आत दोन प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, एकात एक, त्यातली सगळी हवा काढायची – छातीनं दाबा, गुडघा टेकवा. एवढाच जोर? बायकोला दाबताना बरा येतो. आता आत काय राहिलं? दाणे आणि किडे. किडे असणारच, शेतातूनच कणसाबरोबर येतात. पण औषधाची पूड नाही, काही नाही, नुसतं तोंड आवळायचं. आत जी थोडी हवा राहते ती तेच मेले पिऊन टाकतात, आणि मग जिथल्या तिथं पाय वर करून मरतात. नंतर तळहातावर घेतले की चुरतात नुसते. मला आवडतं ते चुरायला, खोटं कशाला बोलू. फक्त एक – मधेच उघडायचं नाही. कुणी आलं, पाहुणा आला, मन झालं, तरी नाही. एकदा वारा लागला की अर्धमेले पुन्हा उठतात आणि दुप्पट खातात.

तुमच्या घरी हेच झालं ना. मुंबुआनं पिशव्या इथूनच नेल्या, माझ्या डोक्यावरून उतरवून तिच्या डोक्यावर दिल्या मी. भरल्या, आवळल्या, ओळीनं उभ्या केल्या. आणि तुम्ही म्हणालात, उघड, बघू दे. ती म्हणाली, आत्ता नको. झालं. बायको पोत्याचं तोंड उघडू देत नाही, म्हणजे आत काहीतरी दडवलंय, नाहीतर आईला पाठवायला ठेवलंय – असंच आलं ना मनात? मग कोयता घेतलात आणि एकेका पोत्यात खुपसलात. मुठीपर्यंत. काय निघालं आतून? मका. मकाच निघाला, दुसरं काय निघणार. बरं, भोकं पाडलीत ती पाडलीत, वर ती बुजवलीत कशानं, तर चिंधीनं. माझ्या शेळीला कळलं असतं की चिंधीतून वारा जातो. मग पाऊस यायच्या आधी दाण्याचं पीठ झालं, पोत्याला हात लावला तर पोतं वळवळायला लागलं, आणि मार कुणी खाल्ला? मुसळ घेतलंत. डाव्या हातावर, इथं, कोपराच्या खाली. आणि ती खाली पडलेली असताना तो किडका भुगा मुठीमुठीनं तिच्या तोंडात कोंबलात – खा म्हणालात, तुझ्या आईच्या पिशवीतलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका. तिनं नाही सांगितलं. ती म्हणते, उखळावर पडले. तिच्या दातांच्या फटीत अडकलेले पंख मी या काडीनं काढले, या इथं, दारात बसून.

तो आवाज होय? उंदीर असतील. कोठीत उंदीर असतातच. तुम्ही मानेकडे लक्ष द्या, आता पिळायचीय पिशवीची मान. अशी. अजून. अंगठा सुतळीखाली धरा, मी सांगितल्याशिवाय काढायचा नाही – दुखतंय? हाड आहे, लगेच मोडत नाही, मुंबुआचं तिसऱ्या घावाला मोडलं. किलोंझो, तू बस रे, उठू नकोस. सुरी कुठं ठेवली मी? सुतळी कापायची सुरी, मघाशी होती हातात, कोठीत दोन पोती बांधली तेव्हा... जाऊ दे, दातानं तोडते. काढा अंगठा. निळा झाला ना. होईल बरा. तिचा हात सरळ नाही व्हायचा.

उंदीर म्हटलं ना. आणि एका हातानं कितीसं ठोकणार ती, थकेल थोड्या वेळानं आणि –

बरं. बोलून गेले. हो, आतच आहे, कोठीत, मीच कडी घातलीय, किल्ली इथं, माझ्या चोळीत. बघतोस काय असा? तुला वाटतं मला आवडतं, पोटच्या पोरीला पोत्यांबरोबर कोंडायला? मागे अशीच माफीची शेळी आणलीस, ही निघाली तुझ्यामागून. त्याच्या मागच्या वेळी तर शेळीसुद्धा नव्हती. तुझा खोकला फाटकातून ऐकू आला की ही चपला शोधायला लागते. फुटक्या ओठानं हसते. तू बोलावलंस तर त्याच मुसळाखाली जाऊन बसेल, आणि पुढच्या वेळी हातावर नाही, डोक्यावर बसेल ते, आणि तू म्हणशील, उखळावर पडली. तुझं वेड आहे तिला, मुतिंडा, आणि ते मला मारायचंय. नुसतं आवळून. न उघडता. शिव्या देते मला, देऊ दे, काल जेवणाची ताटली फेकली माझ्यावर, फेकू दे. ओरडू नकोस. हाक मारलीस तर किलोंझो आत्ता येईल, मी अडवणार नाही.

थांबली बघ. ठोकायची थांबली. म्हटलं नव्हतं, थकेल.

थांब. एकदम कशी थांबली? मुंबुआ? – गप्प बस तू, हलू नकोस – मुंबुआ, बोल ग. शिवी दे. ती सुरी... सुरी आतच राहिली. पोत्यावर. देवा. कडी... किल्ली कुठं गेली, चोळीतच होती... मुंबुआ...

ऐक. ऐकतोस? सर् सर् सर्. सांडतंय काहीतरी. मका आहे. मकाच आहे ना? हो. मकाच. पोती फाडतेय ती, किलोंझो, पोती फाडतेय रे. हे दुसरं. वर्षाचं खाणं, सगळं जमिनीवर, तिला वाटतं आई मक्यासाठी तरी दार उघडेल. ओळखते मला चांगली.

फाड, बाई. सगळी फाड. किडे पडू देत, भुगा होऊ दे, मागू शेजारी, खाऊ पाला. मी इथंच बसलेय दाराला पाठ लावून.

तू उठ. शेळी सोड आणि चालायला लाग.