समृद्धीचा सत्कार

मंचरच्या स्टँडवर एक म्हातारी चढली आणि माझ्या पुढच्या सीटवर बसली. शेजारी एक माणूस, त्याच्या मांडीवर स्कॅनचं मोठं पाकीट, खिडकीशी त्याची मुलगी. गाडी सुटायच्या आत म्हातारीनं विचारलंच.

"भाऊ, पोरीला काय झालंय?"

"कानाच्या आत दोष हाय, मावशी, जल्मापास्नं. आतली नळी नको तेवढी रुंद हाय म्हनले डॉक्टर. ऐकू येनं हळूहळू कमी झालं, आता काहीच येत न्हाई."

"आगं बया! आन् घरात कुनालाच कळलं न्हाई?"

"समोर असली की तोंडाकडं बघून बराबर बोलती ना!"

"कुठलं गाव?"

"पिंपळवंडी. हिचं नाव समृद्धी. ऐकलं आसंल तुमी."

"बिबट्याला भ्याली न्हाई ती? पेपरात फोटू आलता ती?"

"तीच."

"आरं द्येवा! मी नातवांना सांगते, तिच्यावानी धीराचं व्हा."

"बिबट्या उसातनं निघाला आन् हिच्या पाठीमागनं गेला, मावशी. आमी वीस मानसं बांधावरनं बोंबलत व्हतो, डबे वाजवत व्हतो. ही आपली शेंगा तोडीत बसलेली."

"मागं वळून बघितलं बी न्हाई म्हनं."

"सव्वीस जानेवारीला शाळेत सत्कार झाला. हिच्या पाठीमागं सगळा गाव उभा राहून टाळ्या वाजवत व्हता. तवा बी हिनं वळून बघितलं न्हाई. मीच मास्तरला म्हनलो, पोर लई लाजाळू हाय."