शेठच्या डिकीतलं मीठ

मिठावरून मला काही ऐकवू नका, आधी हे ऐका. पनवेलच्या एका मिठागरवाल्या शेठकडे मी मोटारीचा मिस्त्री होतो. गोरे साहेब लोक देश सोडून गेले, तेव्हा जाताना एकाने त्याला आपली गाडी विकली. हिला पुढची चाकं ओढायची, मागची नुसती मागून यायची. पावसात घाट चढताना पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहायची.

शेठ म्हणाला, "वजन कमी पडतंय. डिकीत मिठाच्या दोन गोणी टाक. आमचे ट्रक असेच चढतात."

म्हटलं, "शेठ, ट्रकला मागची चाकं ढकलतात. हिची मागची बाजू दबली की पुढची चाकं हलकी होतात."

"मालक कोण हाय? तू का मी?"

मग मी त्याच्यासमोर गोणी टाकल्या आणि रात्री गुपचूप काढून गॅरेजात ठेवल्या. हिच्या सस्पेन्शनला स्प्रिंगांऐवजी पिळाच्या सळ्या होत्या; त्यातल्या मागच्या आवळल्या, म्हणजे चढावर गाडी मागे बसणार नाही. दुसऱ्या दिवशी शेठ, त्याचे पाहुणे आणि मी निघालो, आणि भर पावसात ती एका दमात खंडाळ्याला पोचली.

शेठ पाहुण्यांना म्हणाला, "बघा आमच्या मिठाची करामत!" आणि त्याने डिकी उघडली. रिकामी.

मी सांगायला तोंड उघडलं, तर तो सगळ्यांसमोर ओरडला, "मीठ चोरलंस? खाल्ल्या मिठाला जागला नाय!"

नोकरी तिथंच गेली. घाट मी पायी उतरलो.

नव्या मिस्त्रीने गोणी परत डिकीत ठेवल्या. माझ्या सळ्यांना त्याने हात लावला नाही, म्हणून गाडी तरीही चढते. आणि शेठ गावभर सांगतो, "चोर गेला, मीठ परत आलं. आता बघा गाडी कशी चढते!"