कच्चं टेबल

आजी : म्हणजे पुसलंस तूच?

नात : मीच. सरावाच्या मशीनवर आहे असं समजून खऱ्यावर हुकूम दिला. दोन टेबलं उडाली.

आजी : माझ्या गोष्टीतल्या माशानं रेल्वेचं इंजिन गिळलं, पण टेबलं उडवायचं मलासुद्धा नाही गं सुचलं.

नात : हसवू नकोस. टेबल म्हणजे रकान्यांचा तक्ता. लोक फोन लावून तुझ्या गोष्टी ऐकतात ना, त्या त्यात असतात. पण पक्कं टेबल आलं परत. रोजचा बॅकअप होता, म्हणजे नक्कल. ती दुसऱ्या मशीनवर उघडली, तेवढं टेबल उचललं, जागेवर ठेवलं. एक गोष्ट गेली नाही.

आजी : मग डोळे का सुजलेत? साहेब ओरडले?

नात : साहेब म्हणाले, थोडक्यात वाचलीस.

आजी : झालं तर. ही फिरकी खुर्ची धर जरा, पळते मेली. आणि माझं नेहमीचं लाव.

नात : आजी...

आजी : लाव गं. हे गेल्यापासून दर आठवड्याला जिने चढून येते, ती काय तुझ्या एसीची हवा खायला?

(नात माशाची गोष्ट लावते. आजी कानाला हेडफोन लावून ऐकते.)

आजी : हे कुठंयत?

नात : आजोबा कच्च्या टेबलात होते. तुम्ही दोघं बोललात तसं, सगळ्या आवाजांसकट. मशीन त्यातला पंखा, खोकला, मधलं बोलणं पुसतं आणि पक्कं करतं. कच्चं जड म्हणून त्याचा बॅकअपच घेत नव्हते. मला पुसल्यावरच कळलं.

आजी : शेजारी बसून दर वाक्याला "खोटं, खोटं" करायचे. त्यांनाही पंख्यातच धरलं होय तुझ्या मशीननं?

नात : पक्क्यात प्रत्येक गोष्टीपुढे तिच्या कच्च्या रेकॉर्डिंगचा नंबर अजून आहे. त्या नंबरावर आता कोणी नाही.

आजी : शोधलंस नीट?

नात : डिस्क काढून जाणत्या माणसाकडे नेली. तो म्हणाला, त्या जागेवर नवीन भरलं गेलंय, काही निघायचं नाही. घरीही शोधलं. त्यांचे फोटोच आहेत सगळे. आवाज कुठेच नाही.

आजी : रडू नकोस. नाक पूस आधी. पण मग इथं मी कोणाला म्हणतेय, "अहो, शप्पथ, शिट्टी माशाच्या पोटातून वाजत होती"?

नात : त्यांचं बोलणं गेलं, तुझं उत्तर राहिलं. सगळ्या गोष्टींत तसंच झालंय. सांगशील तर ती वाक्यं कापते. नाहीतर लोकांना वाटेल, म्हातारी एकटीच बोलतेय.

आजी : वाटू दे. बोलतेच की मी.