एक धडक, दोन शिट्ट्या

— अहो, तो गुडघ्याचा पट्टा राहू द्या साहेब, तो विकायचा नाही, बाजूला काढून ठेवलाय. तुम्हाला शिट्टी हवी ना? ही घ्या, आत गोळी नसलेली, थुंकीनं अडत नाही — पण शिट्टी घ्यायला बास्केटबॉल संघटनेचे सचिव स्वतः माझ्या दुकानाची पायरी चढत नसतात, एवढं कळतं मला. सेमीफायनलचं विचारायचंय, विचारा! चूक माझी. भावोजींची नाही. फायनलच्या रेफरींमधून माझं नाव काढा, त्यांचं राहू द्या. झालं?

नात्याची बाजू घेतोय? मी? बहिणीला विचारा, तिच्या नवऱ्याशी मी किती भांडतो ते. बसा त्या स्टुलावर, समजावून सांगतो. दोन रेफरी म्हणजे एकाच दुकानाची दोन माणसं — मी गल्ल्यावर असलो की बहिणीनं रॅककडे बघायचं. दोघंही गल्ल्याकडे बघायला लागलो तर मागनं बॅट गेलीच! तसंच तिकडे. एक पुढे, बास्केटखालच्या रेषेवर. दुसरा मागे, अर्ध्या मैदानाशी. चेंडू ज्याच्या भागात, त्यानं चेंडू बघायचा. दुसऱ्यानं चेंडूकडे ढुंकूनही बघायचं नाही, बाकीचे कुणाच्या बरगडीत कोपर घालतात ते बघायचं. आणि शिट्ट्या दोघांच्या एकदम वाजल्या तर? मुठी वर आणि थांबायचं. हातानं पुढचं अक्षर बोलायचं नाही, निकालाची खूण करायची नाही. समोर जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं — ज्याचा भाग, तो सांगेल.

त्या दिवशी बास्केटखालचा भाग भावोजींचा, मागचा माझा. लाल जर्सीवाला मुसंडी मारून आत घुसला, बचाववाल्यावर आदळला — मी शिट्टी फुंकली आणि थांबलोच नाही, सरळ हात कमरेवर : बचाववाल्यानं वाट अडवली! त्याच क्षणी भावोजींची मूठ तळहातावर : लालवाल्यानं धडक दिली! एका धडकेचे दोन निकाल. अख्खं सभागृह हसलं. त्यांच्या भागात मी नाक खुपसलं, दुसरं काय? मी मान वळवून मागे बघतो तर भावोजी —

काय? ते पुढे होते, मग मागे कसे? हो, मागे. म्हणजे... बाजूला. तिरकं, असं.

...बरं. मिळालं ना हवं ते? नव्हते ते बास्केटखाली! पोचलेच नव्हते. तिथं मी होतो. गुडघा धावत नाही त्यांचा, हा सगळा मोसम दोन्ही टोकांना मीच पळतोय. मग? एक तरी संघ आला तक्रार घेऊन? ते मागनं नुसतं ‘डावा!’ म्हणतात, की कोण कुणाची जर्सी ओढतोय ते मला कळतं. पाय माझे, डोळे त्यांचे. तुमच्या नियमांत बसत नसेल, नसू दे. तुमचे नियम मी परीक्षेपुरते वाचले. मैदान राखायला मला त्यांनी शिकवलं.

मग त्यांनी शिट्टी का मारली? अहो, त्यांचा भाग होता! आपल्या बास्केटखालचा निकाल मेहुण्यानं द्यावा आणि आपण लांबून बघत राहावं — तुम्हाला सोसलं असतं? आणि ऐका, व्हिडिओ बघितलात ना? नीट बघा परत. बचाववाला पाय रोवून उभा होता, म्हणजे धडक लालवाल्याचीच. बरोबर त्यांचंच होतं साहेब. तेवढ्या लांबून! मी नाकासमोर असून चुकलो. म्हणून म्हणतोय, चूक माझी. काढा आता कुणाचं नाव काढायचं ते, मीही बघतो —

थांबा. रस्ता ओलांडतायत ते. तो पट्टा इकडे द्या, काउंटरखाली... लवकर. तुम्हाला गुडघ्याचं कळलंय हे त्यांना कळायला नको. वळून बघू नका. पायरी एकच आहे, त्यांची त्यांना चढू द्या. साहेब, पायांकडे नाही — तोंडाकडे बघा त्यांच्या.

या भावोजी, या! सचिवसाहेब आलेत, शिट्टी घ्यायला. झालं त्यांचं, निघालेतच.