साहेबाचा धनेश

शिकलेल्या माणसाला दोन डोळे जास्त असतात म्हणे. मुंबईचा एक साहेब आमच्या कट्टा गावाजवळ तंबू ठोकून राहिला होता, तेही फळांनी लाल झालेल्या वडाखाली. त्याला मोठ्या चोचीचा धनेश बघायचा होता. सोबतीला मी.

"कितवी शिकलास?"

"चौथी."

"मग बोलू नकोस. पक्षी उडतात."

तीन दिवस तो दुर्बिणीतून समोरचा डोंगर बघत बसला आणि मी तंबूवरची घाण धूत राहिलो. काही सांगायला गेलो की तो ओठांवर बोट ठेवायचा.

शेवटी तंबू गुंडाळताना म्हणाला, "तुमच्याकडे धनेश नाहीच."

एवढं मात्र मला सोसलं नाही.

"आसा, साहेब. तीन दिवस तुमच्या तंबूवर हगता, तो तोच."