उजव्या बाजूचा खिसा

शिलाई मशीनच्या सुया घेऊन कांता बाळकुमच्या बसस्टॉपवर आली. पुढे दोन पोरं उभी होती. दोघांचे शर्ट ढगळ, खिसा उजवीकडे.

"एमसी फाटाचा कल्याणचा शो बघितलास?"

"पुढेच उभा होतो ना भाई. शीळफाट्याच्या ट्रॅफिकवर काय रॅप लिहिलंय त्याने. आपण रोज अडकतो तिथे, पण कधी सुचलं नाही."

"आणि तो शर्ट. पहिल्या शोपासून तोच घालतो."

"आता अख्खी डोंबिवली उजवीकडे खिसा लावून घेते. पण उजवीकडेच का?"

"त्याने आधीच्या एका शोला स्टेजवर सांगितलं ना. आईने पहिल्या शोसाठी घाईत शिवला, खिसा चुकून उजवीकडे लागला. ती उसवायला बसली, तर हा तसाच घालून पळाला."

"मग?"

"आता कपड्यांची मोठी कंपनी मागे लागलीय. हा बोलला, खिसा डावीकडे नेलात तर माझं नाव लावायचं नाही."

कांता थोडी पुढे सरकली. एकाच्या खिशाचा सुटलेला कोपरा तिने चिमटीत धरला.

"इथे त्रिकोणी टीप मारून घे रे. त्याच्या त्या पहिल्या शर्टाला मी मारलेली, अजून उसवली नाही."