पाचाचं वर्तुळ

(बालवर्ग नुकताच सुटलाय. फरशीवर खडूने काढलेली दहा वर्तुळं.)

थोरल्या बाई : ...आणि फाटकात मी उभी असून पोरं तुमच्याच कमरेला बिलगली. चार महिने घरी काय बसले, चेहरासुद्धा विसरली मेली.

धाकट्या बाई : लहान आहेत हो. सुरुवातीला रोज विचारायची तुम्हाला.

थोरल्या बाई : मग?

धाकट्या बाई : मग उड्यांत रमली.

थोरल्या बाई : उड्या! या वर्तुळांत पाय टाकत मोजायचं मी सुरू केलं, पाय ओढत. तुम्ही त्यात बेडूक आणले, ससे आणले, झालात लाडक्या. आयत्या बिळावर नागोबा.

धाकट्या बाई : रागावलात.

थोरल्या बाई : जळतेय. खोटं कशाला बोलू? आज हेडबाई म्हणाल्या, वर्ग तुमच्याकडेच राहील, मी ऑफिसात बसायचं. ऑपरेशन झालंय, तेवढाच आराम.

धाकट्या बाई : मी वर्ग मागितला नव्हता.

थोरल्या बाई : न मागता मिळालं, तेच जास्त झोंबतं.

धाकट्या बाई : मग माझंही ऐका. ते पाचाच्या वर्तुळातलं काय आहे?

थोरल्या बाई : कुठलं?

धाकट्या बाई : पाचापर्यंत पोरं टणाटण जातात. तिथे थांबतात, कमरेवर हात ठेवतात, ‘हुश्श’ म्हणतात, मगच सहा. मी मोडून बघितलं. टाळ्या वाजवल्या, बिस्किटांची लालूच दाखवली. पण हुश्श केल्याशिवाय सहावर पाऊल पडेल तर शपथ. तुम्हाला कधी न पाहिलेली नवी पोरगीसुद्धा तेच करते.

थोरल्या बाई : अगं, तो खेळ नव्हता.

धाकट्या बाई : मग?

थोरल्या बाई : पाचाला पोचेपर्यंत गुडघ्यात कळ यायची. पोरांसमोर कण्हायचं कसं? म्हणून जरा दम खायचे.

धाकट्या बाई : आणि मी त्या दुखण्यावर जळत होते. वाटायचं, काय जादू करून गेल्यात बाई, अर्ध्या वाटेवर पोरं त्यांचीच होतात.

थोरल्या बाई : जळत होतीस?

धाकट्या बाई : रोज. वर्ग तुम्हीच घ्या. मी बोलते हेडबाईंशी.

थोरल्या बाई : आता गुडघा बरा झालाय. मी सरळ दहापर्यंत जाईन, आणि पोरंही जातील माझ्यामागून, हुश्श न करता.

धाकट्या बाई : मग?

थोरल्या बाई : ऑफिसातच बसते. वर्गाचं दार मात्र उघडं ठेव. सगळं ऐकायची हौस नाही मला. पाच झाले की सहाच्या आधीचं, तेवढंच.